अक्षर दुसऱ्याला, आत्मा स्वतःला

पवित्र शास्त्रातले वचन शब्दशः घ्यायचे की त्याचा आध्यात्मिक अर्थ लावायचा, हा वाद ख्रिस्ती मंडळींत जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे. तो प्रामाणिक वाद आहे असे मला आता वाटत नाही. मी जन्माने ख्रिस्ती आहे, श्रद्धेनेही आहे, बायबल रोज वाचतो, आणि म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहितो. ज्या वचनाची झळ दुसऱ्याला बसते ते आपण शब्दशः पाळायला लावतो. ज्याची झळ आपल्या खिशाला, आपल्या मानाला, आपल्या जातीला बसते, त्याचा आध्यात्मिक अर्थ आपल्याला चुटकीसरशी सापडतो. हिब्रू-ग्रीकचे ज्ञान, धर्मशास्त्राच्या पदव्या, पूर्वसूरींचे दाखले हे सगळे मागाहून येते. तोशीस कुणाला पडणार, हे आधीच ठरलेले असते.

खोटे वाटत असेल तर तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र उघडा. अवघे सहा अध्याय आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की स्त्रीने उपदेश करू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये, निमूट राहावे. कितीतरी मंडळ्यांत हे वचन आजही जसेच्या तसे लागू आहे. आठवडाभर कॉलेजात तरुण मुलग्यांना शिकवणारी बाई रविवारी मात्र बाकावर गप्प बसते, आणि तिच्यापेक्षा निम्मे शिकलेला माणूस तिला वचन समजावून सांगतो. कारण विचारले की बोट याच ओळीवर ठेवले जाते.

आता तेच बोट तीन वचने वर न्या. तिथे लिहिले आहे की स्त्रियांनी सोने, मोती आणि उंची कपडे यांनी नटू नये. ज्या पाळकांनी तुम्हाला खालचे वचन दाखवले, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम पाहा. हार, बांगड्या, कानांतले, सगळे जागच्या जागी. विचारले तर उत्तर येते, ‘अहो, ते बाह्य गोष्टींबद्दल नाही, अंतःकरणाच्या शोभेबद्दल आहे.’ म्हणजे नववे वचन आध्यात्मिक आणि बारावे शब्दशः. मधल्या दोन वचनांत असे काय घडले, ते मला अजून कुणी सांगितलेले नाही. काही मंडळ्या दागिन्यांचा नियमही काटेकोर पाळतात, हे मी नाकारत नाही. पण तिथेही दागिने उतरतात ते बायकांच्या अंगावरचे, आणि उतरवायला सांगणारे पुरुषच असतात.

पुढे चला. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला गुलामांनी आपल्या धन्याचा मान राखावा असे सांगितले आहे. हे आज कुणी शब्दशः घेत नाही, सगळे म्हणतात की तो त्या काळाचा संदर्भ होता. बरोबर आहे. मग तो संदर्भ बायकांच्या वेळी कुठे जातो? त्याच अध्यायात अन्न-वस्त्र मिळाले की त्यात समाधान मानावे आणि पैशाचा लोभ सगळ्या वाइटाच्या मुळाशी असतो असे स्वच्छ शब्दांत आहे. त्यावर आपण काय ऐकतो? पैसा वाईट नाही, आसक्ती वाईट. आसक्ती मोजायचे यंत्र कुणाकडे नसल्यामुळे विषय तिथेच संपतो. एकच पत्र, एकच वाचक, आणि त्यातल्या ओळींना आपण तीन वेगवेगळे कायदे लावतो. याला अर्थ लावणे म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात.

पैशाच्या बाबतीत तर ही लबाडी फार जुनी आहे. एका श्रीमंत तरुणाला येशूने असेल नसेल ते विकून गोरगरिबांना द्यायला सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला, ही गोष्ट मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही लिहून ठेवली आहे. त्यापाठोपाठ येते ते सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाचे वाक्य. यावरचे एक प्रवचन मी ऐकले आहे. पाळकसाहेबांनी सांगितले की ‘सुईचे नेढे’ हा यरुशलेमच्या तटातला एक बुटका दरवाजा होता, उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवले की तो सरपटत आत जाई. व्यासपीठावर त्यांनी स्वतः गुडघे वाकवून, मान खाली घालून उंट करून दाखवला. पुढच्या बाकावर जमिनींचे व्यवहार करणारे दोन बडे गृहस्थ बसले होते. वचन वाचले गेले तेव्हा ते सावरून बसले होते. उंट दरवाजातून आत गेला आणि दोघे पुन्हा टेकून बसले.

येशूच्या काळी असा दरवाजा होता याचा कसलाही पुरावा नाही. ही कथा कित्येक शतकांनंतरच्या भाष्यांत शिरली आणि प्रवचनांतून फिरत राहिली. पुरावा राहू द्या, गोष्ट तरी नीट वाचा. ते वाक्य ऐकून शिष्य हादरले, मग तारण होणार तरी कुणाचे, असे त्यांनी विचारले. बुटक्या दरवाजाने कोण हादरते? शिष्यांना जे कळले ते आपल्याला कळू नये म्हणून हा दरवाजा बांधला गेला.

इसवी सन २००च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याच प्रसंगावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विकून टाकायचे ते धन नव्हे, मनातल्या धनविषयक वासना, असा त्याचा निष्कर्ष होता. क्लेमेंट हा ढोंगी माणूस नव्हता. श्रीमंतांनी आपले धन गरजूंसाठी वापरावे असेही तो सांगतो. पण त्याने जी खिडकी उघडली तिच्यातून पुढे सगळे जमीनदार, सावकार आणि बिशप बाहेर पडले. त्याच इजिप्तमध्ये साधारण ७० वर्षांनंतर अँथनी नावाच्या तरुण शेतकऱ्याने चर्चमध्ये हेच वचन ऐकले, घरी जाऊन वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि वाळवंटाची वाट धरली. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने तेच केले. त्याच्या मागून आलेल्यांपैकी काहींनी गरिबीचे व्रत अक्षरशः पाळायचा हट्ट धरला. तेव्हा काय झाले? १३१८ साली मार्सेय इथे अशा चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळण्यात आले. १३२३ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी येशूच्या आणि प्रेषितांच्या मालकीचे काहीही नव्हते, हे मतच पाखंड ठरवले. शब्दशः वाचनाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही चार माणसे आठवावीत. धर्मसत्तेला शब्दशः वाचन चालते, ते तिच्या तिजोरीपर्यंत पोहोचले की चालत नाही.

शपथेचेही तसेच. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शपथ मुळीच वाहू नका असे सांगितले आहे, त्यात खाचाखोचा नाहीत. इंग्लंडमधल्या क्वेकर लोकांनी ते ऐकले आणि शपथ नाकारली, तर १६६२ साली त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला आणि ते तुरुंगात गेले. त्यांना तुरुंगात घालणारे राज्य ख्रिस्ती होते. शपथ नको म्हणणाऱ्या त्याच ग्रंथावर हात ठेवून अमेरिकेचे बहुतेक राष्ट्राध्यक्ष शपथ घेत आले आहेत, आणि बायबलचे अक्षर न् अक्षर खरे मानणारे लोक त्या क्षणी टाळ्या वाजवतात.

गुलामगिरीवर मात्र मला थांबलेच पाहिजे, कारण शब्दशः वाचन माणसाला किती निर्दय करू शकते ते तिथे उघडे पडते. १८४५ साली अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी आपली वेगळी संघटना काढली. गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का, या प्रश्नावर ते उत्तरेकडच्यांपासून फुटले होते, आणि तो होऊ शकतो अशी त्यांची बाजू होती. इफिसकरांस पत्रातली गुलामांनी आज्ञा पाळण्याबद्दलची ओळ त्यांना तोंडपाठ होती. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातला नोहाचा शाप आफ्रिकेच्या माणसांना लागू आहे, असे ते सांगत. आता तो अध्याय काढून बघा. शाप नोहाच्या नातवाला, कनानाला आहे, मुलगा हाम याला नाही. कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. अक्षराचे पुजारी म्हणवणाऱ्यांनी अक्षरही वाचले नव्हते. उलट, धन्याकडून पळून आलेल्या गुलामाला परत देऊ नका, त्याला तुमच्यात राहू द्या, अशी आज्ञा बायबलातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. ती मात्र या लोकांनी शब्दशः घेतली नाही. १८५०चा पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा त्यांना शास्त्राविरुद्ध वाटला नाही. या संघटनेने जाहीर माफी मागितली ती १९९५ साली.

त्याहून भयंकर वस्तू १८०७ मध्ये लंडनला छापली गेली. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलचे निवडक भाग. त्यात आज्ञाधारकपणाची वचने आहेत, पण मोशे इस्राएलाला मिसरच्या दास्यातून सोडवून नेतो तो भाग नाही. जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला आहे. त्याच्या उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठात आहे. हे पुस्तक छापणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: बेड्यांत असलेला माणूस निर्गमाचे पुस्तक वाचेल तेव्हा तो त्याचा आध्यात्मिक अर्थ लावणार नाही. आज त्याच निर्गमावर आपण पापाच्या दास्यातून आत्म्याची सुटका एवढेच प्रवचन करतो. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारे मजूर कुटुंब आपल्या गावाच्या वेशीवर असते आणि आपल्याला मिसरातल्या विटा दिसतात, भट्टीवरच्या दिसत नाहीत.

जगाची उत्पत्ती सहा दिवसांत झाली का, यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. सूर्य निर्माण होण्याआधी सकाळ-संध्याकाळ कशी झाली, हे तिसऱ्या शतकातच ओरिजेनने विचारून ठेवले आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिनने बजावले होते की सृष्टीच्या ज्ञानाबाबत ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन परक्यांसमोर बाष्कळ बडबड करू नये, त्याने शास्त्राचीच अप्रतिष्ठा होते. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन इथे उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला, तेव्हा शास्त्राची बाजू लढवणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत कबूल केले की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. हा वाद सोडा, त्यात कुणाचा जीव जात नाही. जिथे जातो तिथे या.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास ठेवणारे साप उचलतील आणि विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, असे आहे. चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत हा शेवटचा भागच नाही. तरी अमेरिकेच्या डोंगराळ भागात या वचनावर पंथ उभा राहिला. त्याचा प्रसार करणारा जॉर्ज वेंट हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच मेला. तो निदान स्वतः मेला. १९९८ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने १९७५ ते १९९५ या काळात अमेरिकेत प्रार्थनेवर विसंबून उपचार नाकारल्याने दगावलेली १७२ मुले नोंदवली. त्यांतली १४० अशी होती की साधे, ठाऊक असलेले उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. त्या लेकरांना कुणी विचारले नव्हते की विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील, हे याकोबाच्या पत्रातले वचन तुम्हाला कसे वाचायचे आहे.

हे अमेरिकेतले म्हणून सोडून देऊ नका. माझ्या नात्यातल्या एका बाईंना वर्षानुवर्षे मधुमेह होता. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्याशेजारी त्यांची इन्सुलिनची पेनं ओळीने ठेवलेली असत. एका चंगाई सभेतून त्या परतल्या आणि दुसऱ्या दिवशी तो कप्पा रिकामा होता. प्रभूने बरे केले आहे, आता सुई टोचणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना सांगण्यात आले होते. काही दिवसांत त्यांना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावे लागले. त्या वाचल्या, पायाची बोटे वाचली नाहीत. आणि मग ज्यांनी इन्सुलिन बंद करायला सांगितले त्यांनी निरोप पाठवला की बाईंचा विश्वास कमी पडला. हे सांगणाऱ्या प्रचारकाच्या नाकावर चष्मा होता. त्याच्या डोळ्यांसाठी चष्मा चालतो, त्याच्या दृष्टीने तो अविश्वास नव्हे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोळा पापाला कारण होत असेल तर तो उपटून टाका असे आहे, तेही हा माणूस अलंकारिकच मानतो. स्वतःच्या डोळ्यापाशी आला की त्याला अलंकार कळतो, दुसऱ्याच्या इन्सुलिनपाशी कळत नाही. ज्या तीमथ्याच्या पत्रातून बायकांना गप्प केले जाते, त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. प्रेषिताने औषध सुचवले आहे. ही ओळ मी कुठल्याही चंगाई सभेत ऐकलेली नाही.

‘आपल्या समाजावर आधीच लोकांची नजर आहे, घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला?’ असे मला वडीलधाऱ्यांनी बजावले आहे. त्यांची भीती खरी आहे, ती मी समजतो. पण बोटे गेली ती आमच्या घरातल्या बाईची. तिच्यापेक्षा समाजाची अब्रू मोठी मानायची असेल तर ती अब्रू मला नको.

शब्दशः वाचणाऱ्यांना झोडपले म्हणून उदारमतवादी वाचकांनी खूश होऊ नये. सगळ्याचे रूपक करणारे तितकेच दोषी आहेत. माझा शेजारी कोण, या प्रश्नावर येशूने शोमरोन्याचा दृष्टांत सांगितला आणि शेवटी जा, तसेच कर, अशा अर्थाचे बजावले. ऑगस्टिनसारख्या थोर माणसाने त्या दृष्टांताचे असे रूपक केले की जखमी माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि तिचा मालक म्हणजे पौल. बुद्धिमत्तेचा हा खेळ संपतो तेव्हा रस्त्यावर पडलेला माणूस तिथेच पडलेला असतो. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन आपण भारतात इतके आध्यात्मिक करून टाकले की तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला पुरायची जागासुद्धा वेगळी राहिली. २००३ साली खुद्द पोप दुसरे जॉन पॉल यांना तिथल्या बिशपांना जातिभेदाबद्दल कानउघाडणी करावी लागली. आपणही शहाजोगपणा करू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात बाप्तिस्मा होऊन पिढ्या उलटल्या, तरी सोयरीक जुळवताना घरातली म्हातारी माणसे हळूच मूळ कोणते ते विचारतातच. आपण सगळे एक आहोत, पण आत्म्याने. जेवणाच्या पंगतीला आणि लग्नाच्या बोहल्याला तो आत्मा पोहोचत नाही.

येशूने या दोन्ही पळवाटा ओळखल्या होत्या. शब्बाथाच्या अक्षरावर बोट ठेवून आजाऱ्याला ताटकळत ठेवणाऱ्यांना त्याने फटकारले. आणि मार्काच्या सातव्या अध्यायात, आपली मालमत्ता देवाला वाहिली आहे असे सोवळे कारण सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांनाही त्याने सोडले नाही. पहिले लोक अक्षराआड लपले होते, दुसरे भक्तीआड. जे वाचन देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही ते शास्त्र समजलेच नाही, असा निकष त्याच ऑगस्टिनने ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथात दिला आहे. तो मला पटतो, आणि तो लावला की वरचे बहुतेक वाद तिथल्या तिथे मिटतात.

तसे वाचणारी माणसे आपल्याच भाषेत होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले शब्द अलंकारिक मानले नाहीत. दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावला त्यांचे घर झाले. आणि हीच बाई लोकांना उपदेश करत होती, हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होती. तीमथ्याच्या पत्रातली ओळ तिच्या तोंडावर फेकण्याची हिंमत आजच्या कुठल्या पाळकाला आहे? नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोघांनीही वचनाची किंमत आपल्या पदरची मोजली.

आता मंडळीत बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती. दशमांश मागताना मलाखीचा तिसरा अध्याय तुम्हाला शब्दशः वाचून दाखवला जातो. तुम्ही तो द्याही. पण दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून ठेवायचा, हे अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे. येत्या वार्षिक सभेत उठून उभे राहा आणि विचारा की गेल्या तीन वर्षांच्या अर्पणातले किती रुपये विधवांच्या आणि अनाथांच्या घरी गेले. आकडा सांगितला नाही तर नोंदवही मागा. आणि चंगाई सभेतून आलेल्या कुणी औषध सोडल्याचे कळले, तर प्रार्थना जरूर करा, पण आधी रिक्षा बोलावून त्या माणसाला दवाखान्यात घेऊन जा.